लेकराच्या अंगावर फोड अन् माहेरची पिशवी भरलेली



मे महिन्यातली गोष्ट आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन मोंढ्यात गेलेली, हाताला जरा उसंत मिळालेली. शाळेला सुट्टी. आपल्या वसमत भागातल्या निम्म्या बाया या दिवसांत माहेरच्या वाटेवर असतात. सकाळी सहाला माझा फोन वाजला. आमच्या एका गटातली ताई. आवाज असा, की मला आधी वाटलं घरात कोणी गेलं की काय.

"ताई, नऊची गाडी हाय. पिशव्या भरल्यात. अन् धाकट्याच्या अंगावर फोड उठलेत. पाण्याचे. जाऊ का नको?"

तिचं माहेर जिंतूरकडं. वसमतहून औंढ्याला जायचं, तिथून पुढं दुसरी गाडी. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. वर्षातून एकदाच जाणं होतं. अन् या खेपेला नुसतं आमरस खायला जायचं नव्हतं. भावजयीचे दिवस भरत आले होते, तिचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच होणार होतं. तिचं पहिलं लेकरू लहान. आईचे गुडघे गेलेले. आईनं महिन्यापासून सांगून ठेवलं होतं की तू येशील तर निभेल.

मी काय सांगितलं ते पुढं सांगते. त्याआधी माझाच एक गाढवपणा सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की ही ताई शहाणपण शिकवायला बसलेली नाही, ठेच लागून बोलतेय.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. तुम्हाला आठवत असेल, कारण त्याच जुलै-ऑगस्टात सगळ्या महाराष्ट्रात डोळ्यांची साथ होती. आळंदीत शाळेच्या पोरांचे डोळे आले ती बातमी रोज टीव्हीवर. माझ्या माहेरी धोंड्याचं जेवण. जावयाला वाण द्यायचं, अनारसे झालेले, तारीख ठरलेली. निघायच्या दिवशी सकाळी पोराचे डोळे चिकटलेले. मी कोमट पाण्यानं पुसले, काळा चष्मा घातला अन् निघाले. मनाला समजावलं की चष्मा घातला म्हणजे झालं. दोन दिवसांत माझ्या वडिलांचे डोळे आले, मग भावाचे, मग भाच्यांचे. एकूण सात जण. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलेलं होतं, ते पुढं ढकलावं लागलं. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

डोळे आलेल्या माणसाकडं बघितलं म्हणून आपले डोळे येत नाहीत, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ते पसरतं हातानं, टॉवेलनं, उशीनं, एकच काजळाची डबी सगळ्यांनी वापरली की त्यानं. चष्म्यानं ते थांबत नाही. माझ्या पोरानं डोळा चोळलेल्या हातानं आजोबांचा हात धरला होता, अन् आम्ही सगळ्यांनी एकाच पंचाला तोंड पुसलं होतं.

तर त्या दिवशी सकाळी सहाला मी ताईला विचारलं, फोड कसे आहेत? पाण्याचे, की नुसते लाल पुरळ? आधी कुठं आले? ताप कधीपासून? खोकला आहे का, डोळे लाल आहेत का? हे विचारायचं कारण असं, की आपण सगळ्यालाच "गोवर-कांजिण्या" असं एका दमात म्हणतो. दोन्ही वेगळे आजार आहेत अन् दोन्हींचे दिवसही वेगळे आहेत.

कांजिण्यांत अंगावर, पोटा-पाठीवर आधी लाल ठिपके येतात, मग त्यांत पाणी भरतं, खूप खाज सुटते. एकाच वेळी काही नवे, काही पाण्याचे, काही वाळायला लागलेले असे दिसतात. गोवरात आधी तीन-चार दिवस सणसणीत ताप, कोरडा खोकला, नाक वाहणं, डोळे लाल. मग कानामागून अन् चेहऱ्यावरून लाल पुरळ सुरू होऊन खाली अंगभर उतरतं. त्यात पाणी नसतं. ताईच्या पोराचे पाण्याचे होते, पोटावर होते. कांजिण्या. तरी मी म्हटलं, आठ वाजता आशाताईला दाखव. फोनवरून मी डॉक्टर होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण बाया जाऊ का नको हे ठरवताना एकच प्रश्न विचारतो, लेकराला प्रवास झेपेल का? ताप उतरला की म्हणतो, झेपेल, चला. पण हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा, की जिथं जायचं त्या घरात कोण कोण आहे, अन् आपण पोचू त्या दिवशी हा आजार दुसऱ्याला लागण्यासारखा असेल का? यासाठी तापाकडं न बघता दिवस मोजावे लागतात. पाळीचे दिवस मोजतो, हप्त्याचे मोजतो, तसेच हे मोजायचे.

कांजिण्यांचा हिशोब असा आहे. अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते लेकरू दुसऱ्याला आजार देऊ शकतं. म्हणजे आपल्याला कळायच्या आधीच. अन् शेवटचा फोड वाळून खपली धरेपर्यंत देत राहतं, साधारण पाच-सहा दिवस, कधी जास्त. ताप गेला, पोरगं खेळायला लागलं, तरी एखादा फोड ओला आहे तोवर काम संपलेलं नाही. अन् ज्याला लागण होते त्याला ती लगेच दिसत नाही. दहा ते एकवीस दिवसांनी फोड येतात.

हा दहा ते एकवीसचा आकडा मी ताईला फोनवर सांगितला अन् विचारलं, भावजयीची तारीख कोणती? ती म्हणाली, अजून दोन-अडीच आठवडे. मग आम्ही दोघींनी मोजलं. आज गेलीस, आज तिच्या शेजारी पोराला झोपवलंस, तर तिला फोड कधी येतील? दहाव्या ते एकविसाव्या दिवसाच्या मध्ये. अन् बाळंतपण कधी? बरोबर त्याच दिवसांत.

आता हे का वाईट, ते नीट ऐका. गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील अन् आता झाल्या, तर तिला त्या लहान लेकरापेक्षा जड जातात, छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अन् बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड आले, तर बाळासाठी ते सगळ्यांत धोक्याचं. कारण आईच्या अंगात आजाराशी लढायची जी ताकद तयार होते ती बाळाला द्यायला वेळच मिळालेला नसतो. आजार पोचतो, ताकद पोचत नाही. अशा नवजात बाळाचा जीव जाऊ शकतो.

"वहिनीला लहानपणी आल्या होत्या का?" हा पुढचा प्रश्न. एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत. भावजयीला आठवेना. तिच्या आईला फोन लावला, ती म्हणाली चार लेकरांपैकी कोणाला आल्या न् कोणाला नाही हे आता कसं सांगू? बरोबरच आहे. म्हणजे उत्तर आलं "माहीत नाही", अन् पोटुशी बाईच्या बाबतीत "माहीत नाही" म्हणजे "नाही" असंच धरायचं.

ताईला स्वतःला लहानपणी झाल्या होत्या, तिच्या कपाळावर खूण आहे. मी म्हटलं, मग तू एकटी जाऊ शकतेस, तुझ्यामुळं धोका नाही. ती म्हणाली, "तापलेलं लेकरू टाकून?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नवरा कामावर बाहेरगावी, सासू थकलेली. काही घरांत हे जमतं. तिच्या घरात जमण्यासारखं नव्हतं.

मग ती म्हणाली, "बरं, आठ-दहा दिवसांनी खपल्या धरल्यावर जाते." अन् इथं मीही चुकले असते. मी "हो" म्हणून मोकळी होणार होते. आशाताईनं टोकलं, थोरल्या पोरीचं काय? ती भावाच्या अंथरुणात झोपते, एका ताटात जेवते. तिला झाल्या नव्हत्या, लसही नव्हती. म्हणजे तिला लागण झालीच असं धरायचं अन् पुढचे एकवीस दिवस वाट बघायची. पोरगी ठणठणीत दिसते, उड्या मारते, अन् तिसऱ्या आठवड्यात एक दिवस फोड घेऊन उठते. त्याच्याही दोन दिवस आधीपासून ती वाटत असते.

म्हणजे आठ दिवसांनी जाणंही बाद. सगळी सुट्टीच गेली. ताई फोनवर रडली. मला तिला दुसरं काही सांगता आलं नाही.

खरं सांगू का मैत्रिणींनो, यात सगळ्यांत अवघड आजाराचा भाग नाही. अवघड आहे तो माहेरी करायचा फोन. आईला सांगायचं की मी येत नाही. आई म्हणते, "आमच्या वेळी काय लेकरं आजारी पडत नव्हती? घेऊन ये, मी लिंबाचा पाला टाकून आंघोळ घालते." भाऊ म्हणतो, "नवऱ्यानं सोडलं नसंल." सासू इकडं म्हणते, "बरं झालं." अन् पंधरा वर्षं हे निघत राहतं की बाळंतपणाला नणंद आली नाही. जाऊन आजार दिला तर तो कोणी दिला हे कदाचित कोणाला कळतही नाही. न जाऊन टाळलेला आजार मात्र कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, त्याचं श्रेय कोण देणार? म्हणून बाया जातात. मी स्वतः गेले होते, चष्मा घालून.

या फोनसाठी मी एक करते ते सांगते. आईशी वाद घालायचा नाही. जी घरातली जपायची व्यक्ती आहे तिचंच नाव पुढं करायचं. "पोराला झेपत नाही" असं म्हटलं की आई म्हणते झेपंल. "वहिनीच्या बाळाला धोका आहे, डॉक्टरांनी दिवस मोजून सांगितलंय" असं म्हटलं की आई थांबते, कारण ते तिचंच नातवंड आहे. अन् शक्य असेल तर आशाताईला किंवा नर्सताईंना फोनवर द्या. लेकीचं आईला पटत नाही, पण सिस्टरचं पटतं.

तरी कोणी म्हणालंच की असं जाणं मोडत नसतात, तर २०२० ची आषाढी आठवून द्या. आपला हिंगोली जिल्हा नर्सीच्या नामदेव महाराजांचा. इथं वारी म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्या वर्षी कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. माउलींच्या अन् तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांबरोबर एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही तसंच. वारकऱ्यांनी घरात बसून एकादशी केली. तिथं एवढं झालं, तर माहेरची फेरी महिनाभर पुढं गेली म्हणून कोणाचं नातं तुटत नाही.

गाडीभाड्याचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही. दुसऱ्यांदा जायला फार खर्च येत नाही. खर्च येतो तो लाजेचा.

आता गोवराचं. हे लक्ष देऊन ऐका, कारण यात गाडीतली परकी लेकरंही येतात.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीला, दिवाळीच्या दिवसांत, मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवरानं लेकरं दगावल्याची बातमी आली. मग भिवंडी, मालेगाव. नोव्हेंबरात केंद्राचं पथक मुंबईत आलं. राज्यात दहापेक्षा जास्त बालकं त्या साथीत गेली. बहुतेक आजारी लेकरांचे डोस राहिलेले होते. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरण मागं पडलं त्याचा हा फटका. मग डिसेंबर २०२२ अन् जानेवारी २०२३ मध्ये राज्यभर राहिलेले डोस देण्याची मोहीम झाली, अन् साथीच्या काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला. आपल्या भागातली कितीतरी घरं मुंबई-पुण्याला कामाला आहेत, सणाला गाड्या भरून येतात-जातात. तेव्हा आमच्या गटांच्या बैठकीत हप्त्याआधी मी एकच विचारायचे, कार्ड कुठंय?

गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सगळ्यांत जास्त पसरणाऱ्या आजारांपैकी एक. गोवराचं लेकरू खोलीतून निघून गेलं तरी त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. लस नसलेली दहा माणसं अशा लेकराच्या सहवासात आली, तर त्यांतल्या नऊ जणांना होतो. आता एसटी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही औंढ्याला उतरलात, त्याच बाकावर दुसरी बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन बसली. त्या बाळाची लस नऊ महिन्यांनंतर आहे, म्हणजे अजून घेताच आलेली नाही. तुमची तिची ओळख नाही, तिला कधी कळणारही नाही.

गोवराचे दिवस म्हणजे पुरळ दिसण्याआधी चार अन् दिसल्यानंतर चार. तेवढे दिवस लेकरू घरात. गाडी नाही, अंगणवाडी नाही, लग्नाचा मांडव नाही. अन् गोवर घरात जिरवायचा आजार नाही. दवाखान्यात नेलंच पाहिजे, कारण लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ चा डोस देतात, त्यानं डोळे वाचतात, जीवही वाचतो. ताप अन् पुरळ असं दोन्ही दिसलं की आशाताईला सांगायचं. तिला ती नोंद वर कळवायची असते, त्यावरून साथ आहे का ते समजतं.

बाकीचे आजार पटकन सांगते. गालगुंड, म्हणजे आपली गालफुगी, ही सूज आल्यापासून पाच दिवस. याची लस सरकारी यादीत नाही, नऊ महिन्यांची अन् दीड वर्षाची जी सुई आहे ती गोवर अन् रुबेलाची. डांग्या खोकला असेल तर दवाखान्याचं औषध सुरू होऊन पाच दिवस होईपर्यंत लहान बाळाच्या घरात पाऊल नको. तो बाळाला उभा करत नाही, खोकताना श्वासच थांबतो. हागवण-उलटी असेल तर मे महिन्याच्या उन्हात गाडीत बसवणंच चूक, लेकरू वाटेत कोरडं पडतं. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. अन् झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, हागवण थांबली तरी. खरजेचं कोणी बोलत नाही, पण माहेरी सात लेकरं एका सतरंजीवर झोपतात अन् सुट्टी संपून घरोघरी खरूज जाते. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर ती फिरत राहते.

अन् साधी सर्दी? जा की! नाक वाहतं म्हणून थांबायचं म्हटलं, तर बाई जन्मात माहेराला जाणार नाही. फक्त तिथं महिना-दोन महिन्यांचं बाळ असेल तर शेंबड्या पोरांना त्याचा मुका घेऊ देऊ नका, हात धुतल्याशिवाय मांडीवर देऊ नका. मोठ्यांची सर्दी एवढ्या बाळाच्या छातीत बसते.

देवीचं बोलते. आपल्याकडं कांजिण्या-गोवराला देवी आली म्हणतात. मी त्यावर हसणाऱ्यांतली नाही. माझी आजी दाराला लिंबाचा डहाळा लावायची. डहाळा दिसला की बाहेरचं लेकरू घरात यायचं नाही, घरचं बाहेर जायचं नाही, परगावी तर नाहीच. नीट बघा, आज डॉक्टर जे सांगतात तेच ते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी लेकरू वेगळं ठेवायची रीत अशी बांधली होती. डहाळा ठेवा. गरज पडली तर माहेरच्या फोनवरही तेच सांगा, देवी आलीय, वेस ओलांडायची नाही. आईला ते लगेच समजेल.

पण त्या रितीतलं काही सोडायचं आहे. औषध द्यायचं नाही, आंघोळ नाही, खायला बेतानं, हे सोडा. साध्या पाण्यानं हलकी आंघोळ चालते, त्यानं फोड चिघळत नाहीत. नखं कापा. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध तोडू नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणं विचारून. अ‍ॅस्पिरिन लेकराला कधीच नाही. मेडिकलवरून आपल्या मनानं दुसरी तापाची गोळी कांजिण्यांत देऊ नका. अन् लेकरू पाणीही घेत नसेल, धाप लागली असेल, झटका आला, गुंगीत असेल, डोळ्याच्या बाहुलीवर पांढरं दिसलं, तर जाऊ का नको हा प्रश्नच उरत नाही. १०८ ला फोन करा.

कधी कधी जावंच लागतं. मयत होते. किंवा टोळी उसाला निघते अन् मुकादम थांबत नाही, लेकराला मागं ठेवायला कोणी नसतं. अशा बाईला "जाऊ नको" म्हणणं सोपं आहे, मी म्हणत नाही. मयतीला जायचं तर आजारी लेकरू शेजारी किंवा गटातल्या अशा बाईकडं ठेवा जिला तो आजार होऊन गेलाय अन् जिच्या घरात तान्हं किंवा पोटुशी नाही. न्यावंच लागलं तर खिडकीजवळ बसा, काच उघडी ठेवा, तोंडावर रुमाल, शेजारी बाळ घेतलेली बाई आली तर सरळ सांगून दुसरीकडं बसा. पोचल्यावर वेगळ्या खोलीत किंवा ओसरीत मुक्काम, अन् दारातच सांगायचं काय झालंय ते. लपवणं सगळ्यांत वाईट. पोटुशी बाईचा संबंध आलाच, तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवायचं. लवकर कळलं तर त्यांना काही करता येतं. अन् टोळीबरोबर जाणाऱ्यांनी लेकराचं लसीकरणाचं कार्ड भाकरीच्या फडक्याइतकं जपून न्यायचं. कुठल्याही गावच्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मिळतो.

एक आमच्या गटाचंही सांगते, कारण यात माझा हात होता. आमच्याकडं बैठकीला गैरहजर राहिलं की दंड. मीच लावलेला, शिस्त म्हणून. मग मला दिसायला लागलं की दहा रुपये वाचवायला बाया गालफुगीचं, खोकल्याचं लेकरू काखेला मारून बैठकीला येतायत, अन् तिथं दुसऱ्या पाच लेकरांत सोडतायत. माहेर तर दूरच, आम्ही दर आठवड्याला आमच्याच ओट्यावर आजार वाटत होतो. आता आम्ही ठराव करून लिहिलंय, लेकराला लागणारा आजार असेल तर दंड नाही, बचत शेजारणीच्या हाती पाठवायची. दोघी-तिघींनी सुरुवातीला याचा गैरफायदा घेतला. घेऊ द्या.

आता ताईचं. पंधराव्या दिवशी सकाळी थोरलीच्या पाठीवर फोड दिसले. सतराव्या दिवशी भावजय बाळंत झाली, मुलगी झाली. मधल्या दिवसांत आईनं चुलत बहिणीला मदतीला बोलावलं अन् लेकीशी आठ दिवस बोलली नाही. ताईनं माझ्याकडं येऊन दोनदा डोळे पुसले. थोरलीच्या सगळ्या खपल्या वाळल्यावर, आशाताईला दाखवून, बारशाच्या आदल्या दिवशी ती दोन्ही लेकरांना घेऊन औंढ्याच्या गाडीत बसली. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव तिनंच सांगितलं. आईचं पहिलं वाक्य होतं, "आता आलीस होय?" अजूनही ते पूर्ण मिटलेलं नाही म्हणते.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या लेकरांची लसीकरणाची कार्डं शोधून आणा, पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागं, जिथं असतील तिथून. नऊ महिन्यांचा अन् सोळा ते चोवीस महिन्यांचा, असे गोवराचे दोन्ही रकाने भरलेत का ते आपण मिळून बघू. अन् तुमच्या आया अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, अन् गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.